लाल वाट, निळी वाट

आत्याला अख्ख्या हॉस्पिटलची आत्या करून टाकलं ते तिच्या सख्ख्या भाच्यानं. तो केसपेपरच्या खिडकीवर नवा नवा लागला होता आणि पहिल्याच दिवशी भर कॉरिडॉरमध्ये ओरडला, "आत्या, डबा विसरलीस!" झालं! भाचा पुढे दुसरीकडे नोकरीला गेला, लग्न झालं, टक्कल पडलं, पण इकडे वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत सगळ्यांची ती आत्याच राहिली. नवे आलेले डॉक्टर आधी जरा अडखळायचे. मग एखादं स्कॅन उघडेनासं झालं, की न अडखळता हाक मारायचे.

तिचं काम काय, हे मात्र हाक मारणाऱ्यांना धड माहीत नसायचं. खालच्या मजल्यावर, औषधांच्या गोदामामागे, एका दारावर 'विनाकारण आत येऊ नये' अशी पाटी होती. तिथे एसीच्या गारठ्यात बाई बारा महिने स्वेटर घालून बसते, एवढंच लोकांना ठाऊक. कुणी माऊस बिघडला म्हणून आलं, तर आत्या म्हणायची, "वर जा. मी पोटातलं बघते, नाकातोंडाचं बघत नाही." आणि ते खरंच होतं. हॉस्पिटलातला प्रत्येक एक्स-रे, प्रत्येक रक्ताचा रिपोर्ट, ऑपरेशनच्या वेळी पडद्यावर दिसणारं प्रत्येक चित्र त्या खोलीतल्या डिस्कच्या उंच कपाटात राहायचं. सर्व्हर म्हणून मिरवणाऱ्या यंत्रांकडे स्वतःची जागा नसतेच. त्यांना या कपाटातला एकेक तुकडा नेमून दिलेला असतो, आणि काचेच्या तंतूच्या केबलींवरून ती क्षणाक्षणाला तिथे ये-जा करत असतात. केबल तुटली तर सर्व्हर चालू असूनही आंधळा.

म्हणून वाटा दोन ठेवायच्या, लाल आणि निळी. लाल केबली लाल स्विचला, निळ्या निळ्या स्विचला, आणि तिथून प्रत्येक स्विच कपाटाच्या दोन-दोन दारांशी जोडलेला. प्रत्येक सर्व्हरचा एक हात लाल वाटेवर, एक निळ्या. एक वाट बंद पडली तर दुसरीवरून काम चालू, वर कुणाला पत्ताही लागत नाही. पण या दोन वाटांनी एकमेकींना ओळख दाखवायची नाही, एक तारही मधे जोडायची नाही. "भांडलेल्या जावा आहेत त्या," आत्या सांगायची. "एकीकडे आग लागली तरी दुसरीनं खिडकी उघडायची नाही."

आत्याच्या सासूबाईंना यातलं अक्षर कळत नव्हतं, पण अभिमान असा, की विचारू नका. सुनेच्या तोंडावर कधी चांगलं म्हणतील तर शपथ! शेजारणीनं मात्र विचारलं, "तुमची सून हॉस्पिटलात नर्स आहे ना?" की म्हातारी तिथल्या तिथे तिला गार करायची. "नर्स? अगं, नर्सला जे लागतं ते हिच्या कुलपात असतं!"

अभिमान सुनेलाही होता, खोटं कशाला बोला. इतक्या वर्षांत तिच्या हातून हॉस्पिटल एकदाही थांबलं नव्हतं. कपाटं बदलली, स्विच बदलले, एकदा तर अख्खी खोली एका भिंतीपलीकडून दुसऱ्या भिंतीपलीकडे नेली, पण वर कुणाची तपासणी अडली नाही. आणि हे सगळं तिनं दिवसाउजेडी केलं. बाकीची हॉस्पिटलं असली कामं मध्यरात्री उरकतात. आत्या म्हणायची, "झोपेतल्या माणसाच्या हातात केबल देऊ नये. चुकलं तर हाक मारायला माणसं जागी पाहिजेत."

तिचे नियमही पक्के होते. एका दिवशी एकाच बाजूला हात लावायचा. लाल बाजूचं काम झालं की निळीला पुढच्या आठवड्यापर्यंत शिवायचं नाही. दुसरा नियम त्याहून कडक. केबल एकट्यानं काढायची नाही. एकानं केबलीच्या टोकाला बोट लावून जागा मोठ्यांदा सांगायची. दुसऱ्यानं स्क्रीनवर बघून त्या यंत्राची दुसरी वाट चालू आहे का ते वाचायचं, आणि मग म्हणायचं, "काढा." तो शब्द कानावर पडेपर्यंत बोट तसंच. साहेब असो नाहीतर साहेबाचा साहेब.

आता हा दुसरा माणूस म्हणजे होयबा. हे नाव आत्यानंच ठेवलेलं. चाळिशीला टेकलेला, सरळमार्गी, कामाला वाघ माणूस, केबलीचं टोक पुसावं तर यानंच. पण समोरच्याला नाही म्हणायची वेळ आली की याच्या घशात घास अडकायचा. एकदा लॅबवाल्यांनी डिस्कची जागा मागितली, हा म्हणाला होय. तासाभरानं एक्स-रेवाल्यांनी नेमकी तीच जागा मागितली, हा म्हणाला होय. बरं, नुसतं होय म्हणून थांबला असता तर ठीक, पण गडी तोच तुकडा दोघांच्या सर्व्हरला नेमून द्यायला बसला! दोन सर्व्हर एकाच तुकड्यावर लिहायला लागले की काय होतं? एक दुसऱ्याचं पुसतो, दुसरा पहिल्याचं पुसतो, शेवटी हाती धुपाटणं. आत्या वेळेवर पोचली म्हणून निभावलं.

"एका म्यानात दोन तलवारी घालतोस?" ती कडाडली होती.

"होय आत्या, चुकलं," होयबा म्हणाला होता.

"बघा! इथेही होयच!"

आत्याचे निवृत्तीचे दिवस जवळ आले, तेव्हा हे होय तिच्या जिवाला लागून राहिलं. कारण असं, की व्यवस्थापक साहेबांनी तिला बोलावून स्पष्टच सांगितलं होतं, "मॅडम, तुमच्यामागे ही खोली आपण बाहेरच्या कंपनीकडे देतोय. त्यांची माणसं त्यांच्या ऑफिसात बसून दुरून लक्ष ठेवतील. तुमच्या त्या गृहस्थाला प्रिंटर विभागात घेऊ. हां, तो एकटा समर्थ आहे असं तुम्ही लेखी देत असाल, तर मी वर बोलून बघतो."

आत्या त्या दिवशी खाली येऊन नुसती बसून राहिली. लेखी द्यायचं म्हणजे आपल्या नावावर द्यायचं. होयबा कामात कुठेही कमी नव्हता. पण उद्या एखादा मोठा डॉक्टर येऊन दरडावेल, "आत्ताच्या आत्ता कर!" आणि हा म्हणेल होय, आणि वर टेबलावर कुणाचं तरी पोट उघडलेलं असेल. छे! सही करायला तिचा हात उचलेना. आणि होयबाला प्रिंटरची शाई भरताना डोळ्यांपुढे आणलं, की रात्रीचं जेवण जाईना.

"जाताना एवढा कसला विचार करतेस?" नवरा म्हणाला.

"पोरीचं लग्न ठरवणं सोपं, हे अवघड," ती म्हणाली.

जाता जाता शेवटचं मोठं काम तिच्या वाट्याला आलं ते दोन्ही स्विच बदलण्याचं. लाल बाजू आधी झाली. नवा लाल स्विच लागला, सगळे सर्व्हर त्यावर आले, कुठे खुट्ट झालं नाही. त्याच आठवड्यात ऑपरेशन थिएटरच्या सर्व्हरचं लाल बाजूचं कार्ड, म्हणजे लाल केबल ज्यात बसते तो भाग, जळालं. कंपनीचा माणूस येऊन नवं बसवून गेला. आता प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच एक लांबलचक नाव मिळालेलं असतं, आणि स्विच त्या नावाखेरीज कुणाला आत घेत नाही. नवं कार्ड म्हणजे नवं नाव. ते स्विचच्या यादीत घालायचं, जतन करायचं, आणि मग ती यादी लागू करायची. शेवटचं केलं नाही, तर आधीचं सगळं पाण्यात.

आत्यानं नाव घातलं, जतन केलं, आणि तेवढ्यात वरून बोलावणं आलं. हॉस्पिटलच्या दर्शनी भिंतीवर तिचा फोटो लागणार होता, फोटोवाला खोळंबला होता. आत्यानं केसांवरून हात फिरवला, स्वेटर काढला आणि वर गेली. फोटो छान आला. खाली येऊन तिनं चहा घेतला आणि दुसऱ्या कामाला लागली.

पुढच्या आठवड्यात निळ्या बाजूचा दिवस उजाडला. सकाळपासून दोघं खोलीत. एकेक सर्व्हर घ्यायचा, जागा सांगायची, वाचायचं, काढा, जुन्या स्विचमधून नव्यात, वाट परत आली का बघायचं, पुढचा. पंख्यांच्या घरघरीत ओरडून बोलावं लागत होतं. होयबा काढत होता, आत्या वाचत होती. लॅब झाली, केसपेपर झाले, एक्स-रे झालं. राहता राहिला थिएटरचा सर्व्हर, कारण थिएटरच्या सिस्टरनं सांगून ठेवलं होतं, की दोन ऑपरेशनांच्या मधली वेळ देते, तेव्हाच हात लावा.

सिस्टरचा फोन आला. "आत्या, एक बाहेर गेला, दुसरा आत येतोय. करायचं तर आत्ता."

आत्या उठली. "इकडे ये, तू वाच. ही शेवटची केबल मी काढणार."

होयबा निमूट स्क्रीनपाशी बसला. आत्यानं गुडघे मोडून निळ्या केबलीच्या टोकाला बोट लावलं आणि जागा सांगितली. मागून उत्तर येईना.

"वाच की रे!"

"दोन वाटा दिसतायत, आत्या."

"हिरव्या आहेत ना?"

"होय, हिरव्या आहेत."

"मग म्हण काढा."

"चार पाहिजेत. दोन लाल, दोन निळ्या."

"अरे, नवं कार्ड आहे, स्क्रीनवर यायला वेळ लावत असेल. लाल बाजू मी माझ्या हातानं बांधलीय. माझ्या हातचं आहे ते! म्हण काढा, पेशंट टेबलावर घेतायत."

होयबा पुन्हा वाकून वाचू लागला. आत्याचं बोट केबलीच्या खटक्यावर होतं, नुसतं दाबायचा अवकाश. फोन चालूच होता, त्यातून सिस्टरचा आवाज येत होता, "झालं का हो?" आत्याचा पारा चढला. आयुष्यभर जिचं सगळ्यांनी ऐकलं, तिला आज एका होयबासाठी गुडघ्यावर ताटकळावं लागत होतं.

"काढू का?" ती गरजली.

"नाही."

"काय?"

"नाही, आत्या." त्यानं स्क्रीनवरच्या एकेका ओळीवर बोट ठेवलं. "दोन्ही वाटा निळ्याच आहेत. एकाच स्विचमधून कपाटाच्या दोन दारांशी गेलेल्या. लाल एकही नाही. तुम्ही केबल काढलीत तर थिएटर आंधळं होईल. मी काढा म्हणणार नाही. तुम्ही रागवा, मी म्हणणार नाही."

 आत्यानं खटक्यावरचं बोट काढलं, उठली, आणि स्वतः येऊन बघितलं. दोन ओळी, दोन्ही हिरव्या, आणि दोन्हींच्या शेवटी निळ्या स्विचचं नाव. लहान पोराला दिसलं असतं. तिला नुसता हिरवा रंग दिसला होता. तिनं लाल स्विचची यादी उघडली. कार्डाचं नवं नाव तिथे व्यवस्थित लिहिलेलं होतं, जतन केलेलं होतं, आणि लागू केलेलं नव्हतं. कधी राहून गेलं, हेही तिला लगेच आठवलं. फोटोसाठी केस सारखे करताना.

 फोनवर ती म्हणाली, "सिस्टर, थांबा. आमचं काम अजून झालं नाही. तुमचं ऑपरेशन होऊ द्या, आम्ही मागाहून करतो." मग होयबाला म्हणाली, "माझी चूक. तू लागू कर, मी वाचते."

त्यानं यादी लागू केली. लाल वाटा उगवल्या, चार झाल्या. वरचं ऑपरेशन पार पडलं, सिस्टरचा पुन्हा फोन आला. यावेळी आत्यानं बोट लावून जागा सांगितली, होयबानं चारही ओळी शेवटापर्यंत वाचल्या, मग म्हणाला, "काढा." तिनं काढली, नव्या स्विचमध्ये खट्कन बसवली. वर कुणालाच काही कळलं नाही.

आणि खरी कसोटी इथून पुढे होती. कारण घडलं काहीच नव्हतं. ना घंटा वाजली, ना कुणी धावत आलं. काय होता होता राहिलं, हे जगात दोघांनाच माहीत.

थोड्या वेळानं साहेब खाली आले, सोबत कचेरीतली दोन-चार माणसं. दारातूनच त्यांनी टाळ्या वाजवल्या. "मॅडम, कमाल! शेवटचं कामही निर्विघ्न. फोटोखाली ओळ छापायला दिलीय, 'इतक्या वर्षांत एकही चूक नाही.' काही अडचण आली नाही ना?"

आत्यानं उत्तर देण्याआधीच होयबा बोलला. "नाही साहेब, काही अडचण नाही. आत्यांनी सगळं नीट केलं." आणि मान खाली घातली.

आत्यानं त्याच्याकडे बघितलं. प्रिंटरकडे जायची वेळ आलेला हा माणूस, आणि आपलं तोंड मिटून माझं नाव राखतोय!  गप्प राहणं किती सोपं होतं. फोटोखालची ती ओळ सासूबाईंनी शेजारणीला नेऊन दाखवली असती. आयुष्यात तिनं जर काही कमावलं असेल, तर ती ओळ.

"खोटं बोलतोय तो," आत्या म्हणाली.

साहेब दारातून आत आले.

"थिएटर आज मी बंद पाडणार होते. पेशंट टेबलावर असताना. लाल वाट मी अर्धवट ठेवली होती, आणि पुन्हा बघायचीही तसदी घेतली नाही, कारण माझं चुकत नाही ना! यानं अडवलं. मी ओरडले, तरी यानं काढा म्हटलं नाही."

"पण मॅडम, झालं तर काही नाही ना? मग कशाला उगाच..."

"झालं नाही ते याच्यामुळे! साहेब, तुमचा तो बाहेरच्या कंपनीचा माणूस दुरून दोन हिरवे ठिपके बघून मला म्हणाला असता, करा मॅडम, तुम्ही जाणत्या आहात. हा मला वर्षानुवर्षं ओळखतो. माझ्या शब्दाबाहेर कधी गेला नाही. आणि ज्या दिवशी मी चुकले, त्या दिवशी यानं माझं ऐकलं नाही. असा माणूस शोधून सापडत नाही. लेखी पाहिजे होतं ना तुम्हाला? आत्ता देते. माझी चूक पहिल्या ओळीत लिहिते, याचं काम दुसऱ्या. आणि फोटोखालची ती ओळ काढा. फोटो राहू द्या, चांगला आलाय."

कचेरीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली.  आत्याचे गाल लाल झाले होते, पण मान ताठ होती, आणि छातीतलं ओझं उतरल्यासारखं तिला वाटत होतं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग होयबाकडे वळले. "काय हो, मॅडम एवढं म्हणतायत. घ्याल का ही खोली? एकटे सांभाळाल?"

आत्याच्या मनात आलं, आता हा होय म्हणणार. हातापाया पडून होय म्हणणार.

होयबानं एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा आत्याकडे. 

"नाही साहेब," तो म्हणाला. "एकटा नाही घेणार. काढणारा एक आणि वाचणारा एक, दोन माणसं लागतात. आज आत्यांना लागलं, मला तर लागेलच. दुसरा माणूस देत असाल तर आनंदानं घेतो. नसाल, तर प्रिंटर द्या."

"बघू," साहेब म्हणाले. "वर बोलून बघतो."

"नुसतं 'बघू' नको, साहेब," होयबा म्हणाला. "आत्या असेपर्यंत तो माणूस इथे येऊन शिकला पाहिजे. आजच सांगा."

 आपल्याशी याआधी कुणी असं बोललं होतं का, ते साहेब आठवत असावेत. मग त्यांनी मान हलवली. "दिला," ते म्हणाले. "उद्यापासून."

आत्याला हसूही आलं आणि रडूही. तिनं ना हसू आवरलं, ना रडू, सगळ्यांसमोर पदरानं डोळे पुसले आणि कचेरीतल्या माणसांकडे वळून मोठ्यांदा म्हणाली, "ऐकलंत? हा माझ्या हाताखाली तयार झालाय!"